डिजिटल छळाची तक्रार: पहिल्या फोनवर काय विचारायचं, आधी कुणाला घ्यायचं?

खाडीपलीकडची
दापोलीतल्या आमच्या महिला मंडळाचा मदतीचा फोन पुढच्या महिन्यात सुरू होतोय. वकील आणि समुपदेशक मागे आहेत. आम्हा चौघींचं काम ऐकून नोंद घेणं आणि कुठलं प्रकरण आधी पुढे पाठवायचं ते ठरवणं. फोटो फिरवण्याची धमकी, नवऱ्याची पाळत, खोटं प्रोफाइल, सगळंच येईल. आमच्याकडून काय चुकू शकतं?

भरतीओहोटी
"काय झालं?" हा दुसरा प्रश्न. पहिला: "आत्ता मोकळेपणी बोलता येतंय ना, आणि हा फोन कुणाचा?" वाडीवर एकच मोबाइल घरभर फिरतो, रेंज पडवीच्या एका कोपऱ्यात, आणि तिथेच सासूबाई बसलेल्या. परत कधी फोन करायचा आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं (बचत गटाच्या मीटिंगचं, वगैरे) हे आधी लिहून घ्या. मग फोन कट झाला तरी चालतं. आपणहून मेसेज मात्र करू नका.

पाळतीत घाई नडते. नवरा मुंबईला, तरी ही बाजारात कधी गेली ते त्याला बसल्या जागी कळतं, तेव्हा दरवेळी छुपं अ‍ॅपच असतं असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं 'लिंक्ड डिव्हाइसेस' (तिचं खातं आणखी कुठे उघडलंय ते), गूगल खात्यातली उपकरणांची यादी आणि मॅप्सचं लोकेशन शेअरिंग आधी बघायला सांगा. फक्त बघायला! लॉगआउट केलं की त्याला कळतं, आणि त्याचा राग हिच्यावर निघतो. आधी राहायची सुरक्षित जागा आणि त्याचा हात न लागलेला फोन, मग पासवर्ड. फॅक्टरी रीसेट (फोन पुसून नव्यासारखा करणं) नकोच, पुरावाही त्याबरोबर जातो.

कोकम_आगळ
क्रम असा ठेवा. जिवाला धोका असेल तर लगेच 112. मुलगी अठराच्या आतली असेल तर मुलांची हेल्पलाइन 1098, आणि तुमच्या वकिलांना त्याच दिवशी कळवा, कारण पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "कुणाला सांगणार नाही" असा शब्द तिला आधीच देऊन बसू नका. धमकावून पैसे उकळले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930, तेही तासाभरात झालं तर उत्तम. यूपीआयचा 12 आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवायला सांगा. त्यानंतर फोटो फिरतोय ती प्रकरणं, मग खोटी प्रोफाइलं.

ब्लॉक करायची घाई नको. आधी स्क्रीनशॉट, त्यात तारीख-वेळ दिसली पाहिजे. प्रोफाइलचं नाव पुरत नाही, लिंक लिहून घ्या. नाव तो कधीही बदलतो. इन्स्टाच्या व्हॅनिश मोडमध्ये (मेसेज आपोआप नाहीसे होतात तो) स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला सूचना जाते, तिथे दुसऱ्या फोनने फोटो घ्यायचा.

खाडीपलीकडची
खात्री करायला ते फोटो आमच्याकडे मागवायचे का?

कोकम_आगळ
अजिबात नाही. तोंडी वर्णन पुरे. अल्पवयीन मुलीचा तसा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असणं हाच आयटी कायद्याच्या 67 ब खाली गुन्हा ठरू शकतो.

प्रौढ बाईसाठी स्टॉप-एनसीआयआय ही संमतीशिवाय फिरवलेले खाजगी फोटो अडवणारी ऑनलाइन सेवा आहे. फोटो तिच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. मिळालेला केस नंबर आणि पिन कागदावर लिहून ठेवायला सांगा. मर्यादाही सांगा: कापलेल्या किंवा फिल्टर लावलेल्या फोटोचा ठसा वेगळा काढावा लागतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधले फॉरवर्ड यात अडत नाहीत. अठराच्या आतल्यांसाठी 'टेक इट डाउन' ही वेगळी सेवा आहे.

भरतीओहोटी
पोलिसांचं राहिलं. गावच्या ठाण्यात कुणीतरी ओळखीचं निघणार, म्हणून बायका जात नाहीत. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता घेतलेली फिर्याद, कुठल्याही ठाण्यात देता येतो, खेडला किंवा रत्नागिरीलाही. सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांच्या तक्रारींना नाव न देण्याची सोय आहे, पण मग पुढे काय झालं याचा माग काढता येत नाही. दोन्ही सांगा, ठरवू दे तिला. आणि नोंदवहीत नाव-गाव नको, फक्त क्रमांक. नावांची यादी वेगळ्या कुलुपात, किल्ली तुमच्यातल्या एकीकडेच.