उत्तर: कंबरेच्या मणक्यांमधली चकती (डिस्क) सरकली असताना मालिश करावी का?
‘मालिशने चकती जागेवर बसते’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. चकती वरखालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिची कड फाटून आतला मऊ गर बाहेर येतो आणि तो हाताने आत ढकलता येत नाही. पण म्हणून मालिश वायाच, असंही नाही. कंबरेचे स्नायू लाकडासारखे ताठरलेले असतात. ते जरा सैल पडले की माणूस निदान कूस तरी बदलू शकतो.

मी बारा वर्षं मालिश करते. अशा माणसाला कुशीवर झोपवते, गुडघ्यांमध्ये उशी देते. कण्यावर अंगठा नाही, पाठीवर पाय देणं तर नाहीच नाही. आणि तेल हातावर घेण्याआधी विचारते, लघवी अडतेय का? बसायची जागा बधिर झालीय का? एक काका खाली मान घालून म्हणाले, “सकाळपासून झालीच नाही.” मी हात लावला नाही, रिक्षात बसवून थेट हॉस्पिटलात नेलं. कण्याच्या खालच्या टोकाकडच्या नसांचा जुडगा दाबला गेला होता, म्हणून लघवी अडली होती. त्याच रात्री ऑपरेशन करावं लागलं.