मदत हवी आहे: थोरल्याची सर्दी जात नाही, आणि घरात ७ महिन्यांचं बाळ आहे

नमस्कार. आम्ही पुण्यात असतो. थोरला सव्वातीन वर्षांचा, जूनमध्ये प्लेग्रुप सुरू झाला आणि आता ऑगस्टपर्यंत हे चौथं आजारपण. आधी नाक वाहतं, दुसऱ्या रात्री १०१-१०२ ताप, मग आठ-दहा दिवस खोकला. खोकला गेला म्हणेस्तोवर पुढची सर्दी हजर. डॉक्टर म्हणाले, या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होतेच, शाळेच्या पहिल्या वर्षी जास्तही होते. व्हायरल आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. ते मला पटलंय.

जीव घाबरतो तो धाकटीसाठी. दादाने पापे घेतले की तिसऱ्या दिवशी तिचं नाक चोंदतं. मग दूध ओढता येत नाही, दोन घोट घेते आणि रडते. पाजण्याआधी दहा मिनिटं सलाईनचे थेंब नाकात घालते, त्याने बराच फरक पडतो. तरी कालची अख्खी रात्र तिला खांद्याशी उभं धरून काढली.

त्यात सासूबाईंचं म्हणणं, मधाचं बोट चाटव, आम्ही सगळ्यांना असंच वाढवलं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, कारण त्यात बोटुलिझमचे जंतू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करतात, हे सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण जेवताना गप्प होत्या. दिवसभर माझी दोन्ही पोरं त्याच सांभाळतात. त्यांना दुखवायचं नाहीये. तुम्ही घरात हे कसं सांगितलंत?

दुसरं, डॉक्टरांनी दोघांनाही फ्लूची लस सांगितली आहे, पहिलंच वर्ष म्हणून चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. पावसाळा अर्धा सरला, आता घेऊन उपयोग आहे का? आणि दिवाळीपर्यंत प्लेग्रुप बंद करू का?

प्रतिसाद १
मला दोन मुलं, त्यामुळे या रात्री चांगल्याच आठवतात. सासूबाईंच्या हातून मध काढून घेऊ नका, थोरल्याला द्यायला सांगा. वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध खोकल्याला खरंच आराम देतो, कफ सिरपपेक्षा कितीतरी बरा. पाच वर्षांखालच्या मुलांना ती सिरपं सहसा देऊच नयेत, असं २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही सांगितलंय. घरात जुनी बाटली असेल तर टाकून द्या.

लस घ्याच. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो तसा जानेवारी ते मार्चमध्येही वाढतो. सरकारी लसीकरणात ही लस नाही, खासगीत पैसे पडतात.

प्लेग्रुप बंद करून सर्दी फक्त पुढे ढकलली जाते. ताप असेल त्या दिवशी मात्र पाठवू नका, आणि तो घरी आला की साबणाने हात धुऊन, कपडे बदलूनच बहिणीजवळ जाऊ द्या. पापे पायाचे घ्यायचे, हा आमच्या घरचा नियम होता.

धाकटी झोपली की पूर्ण एक मिनिट तिचे श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा ती दूधच घेत नसेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

धागाकर्ती
खूप आभार. आत्ताच मोजले, ३८ भरले. थोरल्याला आज मध आईंनीच चाटवला आणि गोष्ट सांगत झोपवलंही. शनिवारी दोघांना लसीला नेतेय. धाकटीचं नाक थोडं वाहतंय, चालेल ना?

प्रतिसाद १
ताप नसेल तर साध्या सर्दीत देतात. निघण्याआधी डॉक्टरांना फोन करून तेवढं सांगा.