म्हाताऱ्यांजवळ राहिलेल्या मुलाला जमीन जास्त मिळावी का? (लिंकनच्या घरची वाटणी)

बांधावरचा:
लिंकनची १८५१ ची घरगुती पत्रं वाचत होतो, प्रेसिडेंट व्हायच्या दहा वर्षं आधीची, तेव्हा तो स्प्रिंगफील्डला वकिली करायचा. त्या जानेवारीत बाप थॉमस वारला. इलिनॉयच्या कोल्स काउंटीत ४०-४० एकरांचे तीन तुकडे होते. पूर्वेकडचा तुकडा लिंकनने १८४१ लाच बापाकडून २०० डॉलरला घेतलेला, पण म्हातारा-म्हातारी जिवंत असेपर्यंत त्यांनीच वापरायचा अशा बोलीवर. राहिले ८० एकर. सख्खी बहीण आधीच गेलेली त्यामुळे बापाचा वारस हा एकटा. पण घरी राहत होते कोण, तर सावत्र आई सॅरा आणि तिचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा जॉन जॉन्स्टन. थॉमसशी रक्ताचं नातं नाही म्हणून कायद्याने जॉन्स्टनला भोपळा. लिंकनने ते ८० एकर त्याला १ डॉलरला लिहून दिले, आईचा हक्क राखून. आणि दोनतीन महिन्यांत जॉन्स्टन सगळं विकून मिसुरीला जायचं म्हणायला लागला तेव्हा लिंकनने पत्रातून त्याची अशी काही काढलीये की बस.

सगळे इथे लिंकनला टाळ्या वाजवतात. माझं मत उलटं आहे. जो माणूस म्हाताऱ्यांजवळ राहिला, लाकडं फोडली, त्यांची दुखणी काढली, त्याला जमीन उपकार म्हणून का मिळावी, हक्क म्हणून का नाही? लिंकन तर बापाच्या मयतालासुद्धा गेला नव्हता. सगळ्या मुलांना सारखा वाटा हा अमेरिकेचा कायदा ऐकायला भारी वाटतो पण त्यात फायदा कोणाचा, घर सोडून गेलेल्याचा. बोला.

खडूसकाका:
लाकडं फोडली?? हाच जॉन्स्टन ना ज्याने लिंकनकडे ८० डॉलर मागितले होते आणि लिंकनने सांगितलं की तू मजुरी करून जेवढे कमावशील तेवढेच मी वर घालीन, आधी कामाला लाग. जवळ राहणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं. घरात बसून आईच्या हातचं खाणारे पण "जवळच" राहतात.

बांधावरचा:
काका तो आळशी होता हे आपल्याला सांगतंय कोण, तर शहरातला वकील भाऊ. जॉन्स्टनची बाजू मांडायला त्याच्या बाजूने कोणी नाही.

तारीखपेतारीख:
दोघंही एक गोष्ट विसरताय. त्या घराण्याला सारख्या वाट्याचं महत्त्व कोणी सांगायची गरज नव्हती. लिंकनचे आजोबा, त्यांचंही नाव अब्राहमच, १७८६ मधे केंटकीत नेटिव्ह लोकांच्या हल्ल्यात मारले गेले. केंटकी तेव्हा व्हर्जिनियात मोडायचं आणि तिथे मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्याची. हा कायदा रद्द करणारं बिल १७८५ ला पास झालेलं पण लागू झालं १ जानेवारी १७८७ पासून. काही महिन्यांचा फरक! थोरला मॉर्डेकाय सगळं घेऊन बसला आणि धाकटा थॉमस, म्हणजे लिंकनचा बाप, मोकळ्या हाताने मजुरी करत फिरला. थोरल्याला सगळं किंवा जवळच्याला सगळं, लॉजिक एकच आहे, कोणीतरी एक उपाशी राहतो. १७८७ च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्समधे, म्हणजे वायव्येकडच्या नव्या मुलखाच्या कायद्यात, जो इलिनॉयच्या भागालाही लागू होता, मुलं-मुली सगळ्यांना सारखे हिस्से आणि विधवेला जमिनीचा तिसरा भाग हयातीपुरता असं स्पष्ट लिहिलंय. त्या काळात हे कमी नाही.

माळावरची मैना:
हयातीपुरता! इथेच थांबा जरा. म्हणजे बाईने घर उभं करायचं, नवरा गेला की शेजारचे तीन पंच येणार, चमच्यापासून गाद्यांपर्यंत सगळ्याची किंमत लिहून नेणार, आणि कर्ज असलं की अंगणात लिलाव. कितीतरी विधवांनी स्वतःच्याच भांड्यांवर बोली लावून ती परत घेतलीयेत, त्या याद्या कोर्टाच्या दप्तरात आजही आहेत. आणि तिसरा भाग मिळाला तरी विकायचा नाही, कोणाच्या नावे करायचा नाही, मेली की संपलं. न्यू इंग्लंडची (अमेरिकेच्या ईशान्येकडची) जुनी मृत्युपत्रं बघा, बाईला घरातली ही खोली, विहिरीपर्यंत जायचा हक्क, भट्टीत पाव भाजायचा हक्क, वर्षाला इतकी लाकडं. स्वतःच्या घरात विहिरीवर जायला कागद लागतो!! आपल्याकडेही १९५६ पर्यंत हिंदू विधवेचं साधारण हेच होतं त्यामुळे नाक मुरडायला आपणही मोकळे नाही.

खडूसकाका:
मैना, मला तो विहिरीचा कागद उलट शहाणपणाचा वाटतो. सून बदलली की विहीर पण बंद होते.

डेअरीवाला:
काकांशी सहमत (पहिल्यांदाच). बांधावरचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या शेतकऱ्यांनी तेव्हाच काढलेलं होतं. म्हातारा जिवंतपणीच एका मुलाच्या नावावर शेत करायचा आणि मुलाकडून लिहून घ्यायचा की वर्षाला इतके बुशेल गहू, इतकं डुकराचं मटण, एक गाय, तोडून रचलेलं सरपण, आणि रविवारी चर्चला जायला घोडा. नाही दिलं तर जमीन परत किंवा कोर्टात दावा. बाकीच्या भावाबहिणींना तो मुलगा हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचा. ४० एकर सहा जणांत कापून कोणाचंच पोट भरत नाही हे त्यांना कळत होतं, कोर्टालाही कळत होतं, म्हणून बऱ्याच राज्यांत तुकडे पाडून नुकसान होणार असेल तर एकाला अख्खं शेत ठरलेल्या किमतीत आणि बाकीच्यांना रोकड अशी सोय होती. म्हणजे जवळ राहणाऱ्याला जमीन जास्त, हो, पण फुकट नाही. मानगुटीवर कर्ज घेऊन. कितीतरी थोरले म्हणूनच हे झंझट नको म्हणून पश्चिमेला गेले, १८६२ नंतर तर तिकडे पाच वर्षं कसून १६० एकर मिळत होते.

बांधावरचा:
हेच तर म्हणतोय मी! जॉन्स्टनशी असा करार कोणी केलाच नाही.

दक्षिणायन:
तुमची सगळी चर्चा उत्तरेच्या गोऱ्या शेतकऱ्यांची चाललीये. गुलामगिरीवाल्या मेरीलँड राज्यात या. १८२६ मधे अ‍ॅरन अँथनी नावाचा मालक मृत्युपत्र न करता मेला, दोनतीन शेतं आणि तीसेक गुलाम. वारसांत वाटणी करायची म्हणून फ्रेडरिक डग्लसला (पुढे गुलामगिरीविरुद्ध लढलेला, तेव्हा अँथनीच्याच गुलामांतला एक), वय असेल नऊएक, बाल्टिमोरहून परत आणलं. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की माणसं, घोडे, मेंढ्या, डुकरं सगळ्यांना एका रांगेत उभं करून किंमत ठरवली. तो अँथनीच्या मुलीच्या वाट्याला आला, आणि मुलगी तोवर मेलेली, म्हणून तिच्या नवऱ्याच्या मालकीचा झाला. इथे वाटणी कायद्याप्रमाणे अगदी रीतसर झाली बरं का. वारस खूष आणि कोणाची आई कुठे, कोणाचं पोर कुठे. सारखा वाटा न्याय्य का अन्याय्य हे ठरवताना वाटतोय काय ते आधी बघा.

डेअरीवाला:
मुद्दा मान्य पण धागा जमिनीचा आहे.

दक्षिणायन:
त्या यादीत जमीन, बैल आणि माणूस एकाच कागदावर होते. वेगळे धागे काढले नव्हते त्यांनी.

तारीखपेतारीख:
डेअरीवाला, तो बोलतोय ते विषयाला धरूनच आहे. नवऱ्याच्या मालकीचा झाला हे वाक्य परत वाचा. मुलींना सारखा हिस्सा म्हणून कायदा टाळ्या घेतो, आणि लग्न झालेल्या बाईची जंगम मिळकत सरळ नवऱ्याची. न्यूयॉर्कने १८४८ मधे कुठे त्यात बदल केला.

हिशेबनीस:
मूळ भांडणाचे आकडे कोणीच मांडले नाहीत म्हणून मी मांडतो. जॉन्स्टनचं म्हणणं, पूर्वेचा तुकडा ३०० डॉलरला विकू, १०० मी घेतो, २०० आईसाठी ८ टक्क्यांनी लावू. म्हणजे आईला वर्षाला १६ डॉलर. लिंकन चिडून लिहितो की ती जमीन आईला वर्षाला निदान ३० डॉलर देऊ शकते, १६ वर तिला ठेवायला मी कोणासाठीही तयार होणार नाही. वरच्या ८० एकरांतला आईचा तिसरा हिस्सा जॉन्स्टनने आधीच गिळलेला, हेही त्याच पत्रात आहे.

आता जॉन्स्टनची बाजू, जी कोणी मांडत नाही. लिंकनने त्याला शब्द दिलेला होता की आईनंतर हा तुकडा तुला २०० ला. किंमत जर ३०० असेल तर मधले १०० जॉन्स्टनचेच झाले की! तो चोरी करत नव्हता, स्वतःचंच लवकर मागत होता. आणि ३० डॉलर येणार कुठून, कसायला माणूस कोण, लिंकन स्प्रिंगफील्डहून येऊन नांगर धरणार होता का? व्याजाचे १६ हे निदान पावसावर अवलंबून नाहीत.

बांधावरचा:
जियो हिशेबनीस 🙏 हेच मला शब्दांत पकडता येत नव्हतं.

माळावरची मैना:
हिशेबनीस, तुमच्याच आकड्यांनी उत्तर देते. पूर्ण ३०० व्याजाला लावले तर आईला २४ मिळतात. जॉन्स्टन १०० उचलतो म्हणून १६ होतात. म्हणजे त्याचं "स्वतःचंच लवकर" हे आईच्या ताटातले दरसाल ८ डॉलर आहेत, आईनंतरचे पैसे आई जिवंत असताना. आणि पैसा व्याजाला लावणार कोणाकडे, तो बुडवला तर म्हातारी वसुलीला जाणार? जमीन निदान तिच्या पायाखाली तरी आहे. कसायचं म्हणाल तर लिंकनने आधीच्या पत्रात लिहिलंय की तू नाही कसलीस तर खंडाने देऊ.

हिशेबनीस:
खंडकरी धान्य बुडवतो तेव्हा? वसुलीला तिथेही कोणीतरी लागतोच.

बांधावरचा:
आणि एक लक्षात घ्या, जॉन्स्टन १८५४ लाच वारला. म्हणजे आईनंतर मिळणारी जमीन त्याला कधी मिळालीच नाही. थांब म्हणणं सोपं असतं वकिलाला.

माळावरची मैना:
आणि सॅरा जगली १८६९ पर्यंत. त्याचं ऐकून १८५१ ला विकली असती तर १८ वर्षं १६ डॉलरवर काढली असती तिने, तेही व्याज देणारा तोवर टिकला असता तर.