मोतीबिंदूच्या आधी सरसकट सगळ्या टेस्ट कशाला?

धागाकर्ती: आईचं वय 74, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय. बीपीची गोळी चालू आहे, कंट्रोलमध्ये आहे. तरी हातात यादी दिली, रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्सरे, वर फिजिशियनचं फिटनेस. आधीच धड दिसत नाही आणि दोन दिवस रिक्षाने फिरवतेय तिला. ऑपरेशन वीसेक मिनिटांचं, भूल म्हणजे नुसते थेंब. अमेरिका-कॅनडात 19 हजारांवर ऑपरेशनांचा अभ्यास 2000 साली आला, निम्म्यांच्या रूटीन टेस्ट केल्या, निम्म्यांच्या नाहीच, तरी त्रास दोन्हीकडे सारखाच, हजारी 31. मग सगळ्यांना का पळवायचं? आणि एवढ्या यादीत, कुठली औषधं चालू आहेत हे कुणी धड विचारलंच नाही!

प्रतिसाद 1: अजिबात पटलं नाही. माझे सासरे जन्मात दवाखान्याची पायरी चढले नव्हते, मला काय धाड भरलीय म्हणायचे. शिबिरात साखर निघाली 340. तशीच सर्जरी केली असती आणि आत पू झाला असता तर डोळा गेला असता. अमेरिकेतला अभ्यास आमच्या गावाला लावू नका.

धागाकर्ती: साखर नि बीपी बघू नका असं मी कुठे म्हटलं? बोटाला टोचून दोन मिनिटांत कळते साखर. एक्सरेचं काय ते सांगा. आणि त्या अभ्यासातही प्रत्येकाला आधी नीट विचारून तपासलं होतंच, फक्त लॅबच्या टेस्ट सोडल्या.

प्रतिसाद 2: डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते म्हणून लिहिते. आमचं अडतं कुठे, तर पेशंटला उताणं झोपवत नाही, दम लागतो, मध्येच खोकला येतो, किंवा ऐकूच येत नाही म्हणून "हलू नका" सांगून उपयोग नसतो. आजोबांची प्रोस्टेटची गोळी, टॅमसुलोसिन, त्याने बाहुली मोठी होत नाही, बुबुळाचा पडदा लुळा पडून मध्ये येतो. गोळी बंद केली तरी तो परिणाम राहतो, म्हणून सर्जनला आधी माहीत हवं. आणि रक्त पातळ करायची गोळी प्लीज आपल्या मनाने बंद करू नका.

प्रतिसाद 1: बरोबर, पण ओपीडीत साठ पेशंट असताना हे विचारणार कोण? छापील यादी असते म्हणून निदान तेवढं तरी होतं.

धागाकर्ती: ताई, तुमचं वाचून आठवलं, आईला दोन उशांशिवाय झोपच येत नाही, आडवं झालं की दम लागतो म्हणते. मी हे कुणालाच सांगितलं नाही. उद्या सकाळी फिजिशियनकडे नेते, ईसीजीही करून घेते.