सुडोचा नंबर जुनाच दिसून रायला, पॅच बसला का नाई?

अभ्यासिका_घाटंजी
राम राम मंडळी. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या खोलीत पोलीस भरतीवाल्या पोरांची अभ्यासिका हाय, तिथले पाच-सहा जुने पीसी मी पाहतो. सगळ्यायवर उबुंटू २४.०४ (लायनक्सच), पोरायचे साधे अकाउंट, सुडो, म्हणजे पूर्ण हक्कानं कमांड चालवायचं साधन, फक्त माह्याजवळ. आता सुडोमधी जे भोक निघालं होतं न जून २०२५ च्या शेवटी, सीव्हीई-२०२५-३२४६३ (हा त्या भोकाचा नोंदीचा नंबर), त्याच्यावर सगळीकडं लिहून हाय की सुडो १.९.१७पी१ पाह्यजे. माह्याकडं व्हर्जन पाहतो तं १.९.१५पी५. उबुंटू आपोआप सिक्युरिटी अपडेट घेते म्हणतात, मंग हे कायले नाई घेतलं? नेट म्हणजे माह्या मोबाइलचा हॉटस्पॉट, तो डेटा तं दुपारपर्यंत संपूनही जाते. एक जण म्हणे लायनक्सले व्हायरस नसते, कायले डोकं खातं.

संत्रा_वरूड
तो बरोबरच म्हणते भाऊ. हे भोक बाहेरून येणाऱ्यासाठी नाईच, मशीनवर अकाउंट असलं तरच चालते. निवांत राहा.

रूट_वर्धा
संत्राभाऊ, पण अभ्यासिकेत दिवसभर अकाउंटवालेच बसतात न बावा! इथंच तर गोची आहे. या भोकात ज्या पोराचं नाव सुडोच्या यादीत नाही तोही रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण मालक, होऊ शकतो. सुडोला एक क्रूट नावाचा ऑप्शन आहे, त्यात पोरगं स्वतःचं फोल्डर दाखवते, त्या फोल्डरात स्वतःच बनवलेली एनएसस्विच नावाची सेटिंगची फाइल ठेवते, आणि सुडो ती फाइल वाचून पोराचीच लायब्ररी, म्हणजे पोरानं लिहिलेला कोड, रूटच्या हक्कानं चालवते. घरी एकट्याचा लॅपटॉप असता तर मीही निवांत राहा म्हटलं असतं.

आता नंबरचं. १.९.१७पी१ हा सुडो बनवणाऱ्यांचा नंबर. उबुंटू, डेबियनवाले रिलीज निघाल्यावर अख्खं नवं व्हर्जन सहसा टाकत नाहीत, कारण त्यासोबत दुसरं काही मोडलं तर बोंब होते. ते तेवढी दुरुस्ती उचलून जुन्या व्हर्जनमध्येच बसवतात, बॅकपोर्ट म्हणतात त्याला. म्हणून पुढचा आकडा तोच राहतो आणि शेपूट बदलते. 'सुडो व्हर्जन' पाहून काहीच कळणार नाही, 'डीपीकेजी -एल सुडो' मारा. शेवटी नुसतं '३उबुंटू५' दिसलं तर पॅच नाही, त्याच्यापुढे '.२४.०४.१' किंवा त्याहून मोठं असलं तर बसला. खात्री पाहिजे असेल तर डॉक फोल्डरात सुडोची चेंजलॉग फाइल असते, त्यात सीव्हीई नंबर लिहिलेला सापडते, डेटाही लागत नाही.

आणि गंमत पहा, २२.०४ वाल्यांना हे भोक नव्हतंच, कारण तिथला सुडो १.९.९ आणि ही चूक घुसली १.९.१४ मध्ये. जुना नंबर म्हणजे धोका असं दरवेळी नसते. पण त्याच दिवशी जाहीर झालेलं दुसरं भोक, सीव्हीई-२०२५-३२४६२, ते मात्र सुडोत १२ वर्षं पडून होतं आणि २२.०४ लाही पॅच घ्यावाच लागला.

अभ्यासिका_घाटंजी
मारलं दादा. चार मशीनवर नुसतं '३उबुंटू५'. म्हणजे पॅच नाईच. पण एकावर '.२४.०४.१' दिसून रायलं, तो पीसी मधात दुरुस्तीले तालुक्याले गेला होता. हे काय गौडबंगाल?

कपाशी_ते_कर्नल
हॉटस्पॉट, दुसरं काई नाई. अँड्रॉइड फोन हॉटस्पॉट देतानाच सांगते की हे कनेक्शन मीटर्ड हाय म्हणजे डेटा मोजून हाय, नेटवर्क मॅनेजर ते ओळखते, आन अनअटेंडेड-अपग्रेड्स, म्हणजे आपोआप अपडेट घेणारा प्रोग्राम, मीटर्ड दिसलं की गुपचूप मागं सरते, सेटिंगच तशी हाय मुळात. दुकानात वायफाय असन, तिथं त्यानं बरोबर घेतलं. लॉग पाहा, वार-लॉगमधी अनअटेंडेड-अपग्रेड्सचं फोल्डर हाय. आन डेटा कोण खाते ते बी सांगतो, फायरफॉक्स. उबुंटूत तो स्नॅप हाय, म्हणजे आपलं अपडेट वेगळ्याच वाटेनं घेणारं पॅकेज, स्नॅपले मीटर्डची काई पडली नसते, थांब म्हणून सेटिंग लावल्याशिवाय तो ओढतच राहते. म्हणजे सिक्युरिटी अपडेट उपाशी आन फायरफॉक्स जेवून मोकळा. पण त्याले थांबवू नका हो, बाहेरच्या जगाशी बोलणारा तोच हाय, त्याले तं पॅच सगळ्यात आधी पाह्यजे.

आता हातानंच 'सुडो ॲप्ट अपडेट' करा (ॲप्ट म्हणजे पॅकेज टाकायचं साधन), मंग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल --ओन्ली-अपग्रेड सुडो'. हातानं केलं की ॲप्ट मीटर्ड-बिटर्ड पाहत नाई. सुडोचं पॅकेज एका एमबीच्या आसपास हाय, डेटा तं पॅकेजची यादी ओढण्यातच जास्त जाईन. कर्नल (सिस्टमचा गाभा) आन फर्मवेअर (हार्डवेअरच्या फायली) शेकडो एमबी असते, ते रात्री कोणाच्या वायफायवर घ्या. आन एका पीसीवर ॲप्ट-कॅशर-एनजी टाकून ठेवा, बाकीच्यायले त्याचा पत्ता आन पोर्ट ३१४२ द्या. एकदा उतरलं की बाकी मशीन त्याच्याकडूनच घेतात, पाच वेळा डेटा जळत नाई.

अभ्यासिका_घाटंजी
लॉगमधी रोजची तीच ओळ सापडली, मीटर्ड हाय म्हणून थांबलो. सुडो सगळ्यायवर टाकला, शेपूट आलं. कर्नल रात्री सरपंचाच्या घरच्या वायफायवर घेतो. पण आमच्याकडं लाईनचा भरोसा नाई, मधातच गेली तं?

रूट_वर्धा
डाउनलोड होताना गेली तर काही नाही, पुन्हा चालू करा. इन्स्टॉल होताना गेली तर आल्यावर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', अर्धवट राहिलेलं पुरं होते. चालूच नाही झाला पीसी तर ग्रबमधून, म्हणजे पीसी चालू होतानाच्या मेनूतून, जुना कर्नल निवडा, उबुंटू तो ठेवते. आणि कर्नल टाकल्यावर रीबूट केल्याशिवाय जुनाच चालत राहते हे ध्यानात ठेवा.

संत्रा_वरूड
रीबूटचं टेन्शन नाई, ते काम महावितरण करते.