Re: बेटावरची भटकंती आणि फजिती

तुमचा बेटावर स्कूटरच्या सायलेन्सरने पोटरी भाजल्याचा किस्सा वाचून हसू आलं, सॉरी, पण आमची गत काही वेगळी नव्हती.

आम्ही दुपारी ओहोटीत खडकांच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या बीचवर गेलो. पाणी घोट्याएवढंच, म्हणून निवांत हॅमॉक बांधून झोपलो, आणि उठलो तर तो रस्ताच गायब! नवरा म्हणे भरतीला सहा तास लागतात, आत्ता कुठे तीन झालेत, अर्धंच चढलं असेल. अरे पण अर्धं म्हणजे काय कमी? आणि पाणी सारखं चढत नाही ना, पहिल्या तासात जेमतेम बाराव्या हिश्श्याएवढं चढतं आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मी भरती येते, म्हणजे नेमकं आत्ताच सगळ्यात झपाट्याने चढणार, त्यात पौर्णिमेचं उधाण. कमरेएवढ्या पाण्यातून सॅक डोक्यावर घेऊन निघालो, माझी एक चप्पल गेली, त्याचा पाय कोरलवर (प्रवाळाच्या खडकावर) कापला. (पासपोर्ट त्याने खालच्या कप्प्यात ठेवलेले, वर भांडणही तिथेच उभ्या उभ्या!)

कोरलचा काप दिसतो बारीक पण आत कण राहतात आणि चिघळतं. गोड्या पाण्याने घासूनपुसून लगेच धुवा, आम्ही नुसतं बँडेज चिकटवलं आणि पुढचे चार दिवस साहेब लंगडत होते, दोन्ही सॅका माझ्या पाठीवर.

आणि हो, विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार टिकत नाही, सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधारून येतं. हेडलँप? रूमवर, चार्जिंगला.