प्रति: खातं आहे, मग मजुरी कुठं अडकते?
वर प्रश्न आलाय की मेळघाटात जनधन खाती घरोघरी आहेत, तरी रोजगार हमीची मजुरी हाती का पडत नाही. बहुतेकदा गडबड मॅपिंगची, म्हणजे आधारवर येणारी रक्कम कोणत्या खात्यात टाकायची या नोंदीची असते. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि एनपीसीआयकडे (बँकांमधली देवघेव चालवणारी संस्था) तेच खातं नोंदलेलं असणं वेगळं. धारणीच्या बँकेत एक खातं, मग कुठल्या शिबिरात दुसरं उघडलं, की आधारवरची रक्कम सगळ्यात शेवटी मॅप झालेल्या खात्यात जाते. मजूर बाई मात्र जुनंच पासबुक भरून घेत बसते. साध्या फोनवरून *९९*९९*१# लावून आधार क्रमांक टाका, बँकेचं नाव दिसतं.

दुसरं, ठसे. बँकमित्राकडे (गावात बँकेच्या वतीने पैसे देणारा) मशीनवर पैसे काढायला बोटाचा ठसा लागतो. मोहफुलं, तेंदूपानं वेचून बोटं घासलेली असतात. हात धुवून कोरडे करा, मशीनची काच पुसा, अंगठा नाही घेतला तर दुसरं बोट लावा. (बँकमित्र अंगठ्याचाच हट्ट का धरतात, देव जाणे.) तरी जमलं नाही तर आधार केंद्रात ठसे नव्याने द्या.

मशीनने व्यवहार ‘फेल’ दाखवून खात्यातून रक्कम कापली गेली, तर पावती मागाच. पाच दिवसांत ती परत यायला हवी. पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे.